गोळीच्या नावामागचा ‘एच’

सोमवार, १३ मार्च २०२३ रोजी सकाळी नाश्त्यानंतर मी एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाची पाच मिलिग्रॅमची पहिली गोळी घेतली आणि बुधवार, ५ एप्रिलला सकाळी मला माझ्याच घरातले देवघर कोणत्या खोलीत आहे ते आठवेना. या दोन तारखांमध्ये काय घडले, ते का घडले आणि त्यानंतर मी नैराश्यावरचे दुसरे औषध का व कसे घेतले, ते मी येथे नोंदवत आहे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर मी एकतीस वर्षे हिशेब लिहिले, त्यामुळे तारीखवार लिहिण्याची सवय हातात मुरलेली आहे. औषध सुरू झाले त्या दिवसापासून मी एक वही ठेवली होती आणि पुढचा मजकूर मुख्यतः तिच्यावरून उतरवला आहे. मधल्या सहा दिवसांची पाने मात्र कोरी आहेत, कारण त्या दिवसांत मला तारीख सांगता येत नव्हती.

त्रासाची सुरुवात २०२२च्या दिवाळीनंतर झाली. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर काहीतरी ठेवल्यासारखे वाटायचे. चार महिन्यांत वजन चोपन्न किलोवरून अठ्ठेचाळीसवर आले. शेंगाचटणी मी कधी विकत आणली नाही, खलबत्त्यात कांडून घरीच केली. पण त्या हिवाळ्यात शेंगदाणे भाजून ठेवले आणि ते डब्यात तसेच खवट झाले. मला सर्वांत जास्त घाबरवले ते वेगळ्याच गोष्टीने. भाजीवाल्याने सांगितलेली बेरीज बरोबर आहे की चूक, हे मला कळेनासे झाले होते. माझे यजमान म्हणत होते की अशक्तपणा आहे, नणंद म्हणत होत्या की निवृत्तीनंतर असे व्हायचेच, आणि मी स्वतः कारण शोधत बसले होते, जणू कुठल्या तरी पानावर एक नोंद चुकली आहे आणि ती सापडली की ताळेबंद जुळेल. दोन महिने त्यात गेले आणि कारण काही सापडले नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रथम रक्त तपासले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्या त्यांनी करून घेतल्या, कारण थायरॉइडची कमतरता किंवा बी-१२ची उणीव हुबेहूब नैराश्यासारखी दिसू शकते. त्याच वेळी सोडियमही तपासले गेले आणि ते १३६ भरले. रक्तातले सोडियम सामान्यतः १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि त्या आकड्याकडे मी पाहिलेही नव्हते. सगळे अहवाल चांगले आल्यावर त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आम्ही जुळे सोलापुरातून रिक्षाने सात रस्त्यापर्यंत गेलो आणि तिथे उतरून पुढचे अंतर चालत गेलो, कारण रिक्षावाला आमच्याच गल्लीतला होता. आज हे लिहिताना हसू येते, पण त्या दिवशी तो निर्णय आम्हा दोघांनाही शहाणपणाचा वाटला होता.

तिथे मला नऊ प्रश्नांचा एक कागद दिला गेला. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, यासाठी शून्य ते तीन असे गुण द्यायचे होते आणि एकूण गुण सत्तावीस होते. माझी बेरीज सतरा झाली. ती डॉक्टरांनी केली, मला जमली नाही. पंधरा ते एकोणीस म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य, असे त्यांनी सांगितले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी होता आणि तिथे मी शून्य लिहिले नव्हते. डॉक्टरांनी त्याबद्दल आडवळण न घेता, आवाज न बदलता विचारले, मीही प्रथमच कुणाला तरी खरे सांगितले. त्यांनी यजमानांना आत बोलावले आणि औषधे त्यांच्या ताब्यात राहतील, एका वेळी दोनच आठवड्यांची मिळतील, असे ठरवून दिले. मला अपमान वाटेल असे मी धरून चालले होते, प्रत्यक्षात खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे झाले.

नंतर त्यांनी असे काही प्रश्न विचारले की त्यांचा माझ्या दुखण्याशी काय संबंध, हे मला कळेना. पूर्वी कधी आठ-पंधरा दिवस झोप कमी लागूनही उत्साह उतू जात होता का, त्या काळात भरमसाट खरेदी केली होती का, घरात कुणाला असा त्रास होता का? डोळ्यांचा दाब वाढलेला आहे का? हृदयाचे ठोके चुकतात का? जठरात व्रण झाला होता का, गुडघेदुखीसाठी आपल्या मनाने गोळ्या घेता का? यातला एकही प्रश्न वायफळ नव्हता, हे नंतर समजले. ज्याच्या नैराश्यामागे द्विध्रुवी विकार, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटूनपालटून येण्याचा आजार दडलेला असतो, त्याला एकटे नैराश्यविरोधी औषध दिले तर तो उन्मादाच्या टोकाला जाऊ शकतो. डोळ्यातला कोन अरुंद असेल तर अशा औषधाने काचबिंदूचा झटका येऊ शकतो. एस्सिटॅलोप्रॅमने हृदयाच्या विद्युतलहरीतला एक टप्पा मात्रेच्या प्रमाणात लांबू शकतो, म्हणून त्यांनी ईसीजी काढायला लावला. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर किंवा ॲस्पिरिनबरोबर ते घेतले तर रक्तस्रावाची, विशेषतः पोटातल्या रक्तस्रावाची शक्यता वाढते.

आणि मग आला तो प्रश्न.

“काकू, बीपीची गोळी कुठली चालू आहे?”

मी म्हणाले, “टेल्मी असं काहीतरी नाव आहे. रोज सकाळी एक घेते.”

यजमानांनी पुस्ती जोडली, “सहा वर्षं झाली डॉक्टर, काहीही त्रास नाही तिचा.”

डॉक्टरांनी कागदावर ‘टेल्मिसार्टन’ असे लिहिले आणि पुढच्या वेळी सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या, असे सांगितले. सत्तावीस मार्चला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मी पट्ट्या न्यायला विसरले, आणि बाहेर चाळीसेक माणसे बसलेली असताना त्यांनीही त्या मागितल्या नाहीत.

औषध घ्यायला आम्ही नेहमीच्या दुकानात न जाता दत्त चौकाकडच्या एका मेडिकलमध्ये गेलो, हेही ओघाने आलेच. एस्सिटॅलोप्रॅमच्या पट्टीच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ होती आणि हे औषध ‘शेड्यूल एच’मधले असून नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी सूचना छापलेली होती. सोबत पहिल्या दोन आठवड्यांसाठी रात्रीची क्लोनाझेपामची पाव मिलिग्रॅमची गोळी होती, तिच्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ अशी मनावर परिणाम करणाऱ्या नियंत्रित औषधांची खूण होती. दुकानदाराने चिठ्ठीवर शिक्का मारून तारीख टाकली. औषधाच्या माहितीचा कागद प्रत्येक पट्टीसोबत मिळत नाही, खोक्यात एखादाच असतो. मी मागितल्यावर त्याने जरा विचित्र नजरेने पाहिले आणि म्हणाला, “का ओ काकू, ते वाचून उगं घाबरताल.” पण दिला.

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. त्या रात्री मी भिंग घेऊन तो घडीदार कागद वाचला. दुष्परिणाम मोजले ते त्रेचाळीस भरले. मळमळ, डोकेदुखी, तोंड कोरडे पडणे, घाम, पातळ शौच, झोप उडणे किंवा उलट फार येणे, जांभया, हातांना कंप, कामेच्छा कमी होणे. शेवटच्या गोष्टीविषयी आमच्या पिढीत कुणी तोंड उघडत नाही, पण बऱ्याच जणांचे औषध त्यापायीच मध्येच सुटते, तेव्हा डॉक्टरांना ती मोकळेपणाने सांगावी. चौकटीत ठळक छापलेला इशारा आत्महत्येच्या विचारांविषयी होता आणि तो वाचून मी कागद मिटवून ठेवला. सकाळी पुन्हा वाचला तेव्हा कळले की तो प्रामुख्याने मुले, किशोरवयीन आणि चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आहे. त्या वयात औषधाच्या पहिल्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना असे विचार वाढू शकतात, म्हणून जवळच्या माणसाने तेव्हा लक्ष ठेवायचे असते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी तो इशारा २००४ मध्ये मुले व किशोरांसाठी छापायला लावला आणि २००७ मध्ये वयाची मर्यादा चोवीसपर्यंत वाढवली. तो वाचला याचा उपयोग पुढे मला नाही, पण पुण्याच्या भाचीच्या मुलीला झाला. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला सर्ट्रालिन सुरू झाले तेव्हा पहिले महिनाभर तिला वसतिगृहात एकटी ठेवू नका, एवढे मी सांगू शकले आणि शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये साठवून दिला. चोवीस तास चालणारी ही मोफत सेवा मराठीतही बोलते.

ज्या ओळीवर मी थांबायला हवे होते ती ओळ मात्र माझ्या नजरेखालून तशीच निघून गेली. वयस्कर व्यक्तींमध्ये, विशेषतः लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये, रक्तातले सोडियम कमी होऊ शकते, अशी ती एक साधी ओळ होती, चौकट नाही की ठळक अक्षरे नाहीत. ती मी वाचली होती, कारण तिच्याखाली पेन्सिलीची फिकट खूण आजही आहे. वयस्कर मी होतेच. पण लघवीचे औषध मी घेत नाही, असे मला मनापासून वाटत होते.

पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, जबडा आवळल्यासारखा वाटला आणि अस्वस्थता कमी होण्याऐवजी थोडी वाढली. हे होईल, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. सेरोटोनिन नावाचे रसायन मज्जापेशींमधल्या फटीतून परत शोषले जाते, ते शोषण हे औषध अडवते आणि हा परिणाम काही तासांतच सुरू होतो. मन सावरायला मात्र दोन ते चार आठवडे आणि पुरता गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनचा तुटवडा, हे एके काळी सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते, हेही त्यांनी सांगितले. मला ते आवडले, कारण तुटवडा भरून काढायचा म्हटले की गोळी म्हणजे टॉनिक वाटू लागते.

वीस मार्चला मात्रा दहा मिलिग्रॅम झाली आणि दोनच दिवसांनी गुढीपाडवा होता. कडुनिंबाची पाने आणि गूळ तोंडात घातला तेव्हा कडू लागले. महिन्यांनंतर कशाची तरी चव लागली, म्हणून मी वहीत ‘कडू’ एवढाच शब्द लिहिला आहे.

शेजारच्या बाई म्हणाल्या की या गोळ्या उष्ण पडतात आणि त्यांची सवय लागते. उष्णतेचे मला माहीत नाही, पण सवयीबद्दलची त्यांची समजूत दोन वेगवेगळ्या गोळ्यांची सरमिसळ करणारी होती. क्लोनाझेपाम शांतपणा लवकर देते आणि तिची सवय खरोखरच लागू शकते, म्हणूनच ती मला दोन आठवड्यांपुरती दिली होती आणि सत्तावीस मार्चला बंदही केली. एस्सिटॅलोप्रॅमची ओढ लागत नाही, जास्त घ्यावीशी वाटत नाही. मात्र काही महिने घेतल्यावर ती एकाएकी थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी झिणझिण असे त्रास होतात, म्हणून ती पायरीपायरीने उतरवावी लागते. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी घरांत चालू द्यायची गोळी थांबवली जाते आणि थांबवायची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते.

एक एप्रिलपासून डोके दुखू लागले. मळमळ परतली. मी कागद काढून पाहिला, मळमळ आणि डोकेदुखी दोन्ही त्यात होत्या, म्हणजे हे होणारच, असे मानून गप्प राहिले. सोलापुरात ऊन चढले होते, घरचे सगळे पाणी भरपूर पी असे बजावत होते आणि तोंड तर औषधाने कोरडे पडलेलेच होते. मी दिवसाला चार-साडेचार लिटर पाणी पीत होते आणि रक्तदाबासाठी मीठ कमी केले होते ते वेगळेच. दोन तारखेला चालताना तोल जाऊ लागला. तीन तारखेच्या नोंदीत माझे अक्षर ओळीखाली घसरले आहे आणि एक शब्द दोनदा लिहिला आहे. पुढचे पान कोरे आहे. नणंदबाईंना वाटले की दुखणे वाढले, मुलाला वाटले की गोळ्यांची गुंगी आहे. पण गुंगीची गोळी तर आठवड्यापूर्वीच बंद झाली होती, हे लक्षात आले ते सुनेच्या. पाच तारखेला मी स्वयंपाकघरात उभी राहून देवघर कुठे आहे असे विचारले, तेव्हा तिने पहिल्याच वेळी एक शहाणपणाची गोष्ट केली. औषधांचा सगळा डबा पिशवीत ओतला आणि मला गाडीत बसवले.

सोडियम १२१ होते.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पिशवीतली रक्तदाबाची पट्टी उचलली आणि नावाच्या शेवटी असलेल्या एका अक्षरावर बोट ठेवले. त्या नावामागे ‘एच’ होता. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे क्षार आणि पाणी बाहेर टाकून रक्तदाब उतरवणारे औषध. सहा वर्षे ते टेल्मिसार्टनच्या आडून रोज माझ्या पोटात जात होते आणि एकट्याने त्याने काही बिघडवले नव्हते. एस्सिटॅलोप्रॅमच्या गटातल्या औषधांमुळे काहींच्या शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवते आणि मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकत नाहीत. एकीकडे ‘एच’ क्षार घालवत होता, दुसरीकडे नवे औषध पाणी अडवत होते, वरून मी तांब्यामागून तांब्या रिचवत होते. साठीपुढची, कमी वजनाची बाई आणि औषधाचे पहिले काही आठवडे, म्हणजे जोखमीच्या यादीतल्या बहुतेक रकान्यांत माझी खूण होती. पट्टीवरच्या शेड्यूल एचचा अर्थ मी दुकानदाराला विचारून घेतला होता, आणि घरातल्या पट्टीवरचा हा दुसरा एच मला सहा वर्षांत दिसला नव्हता.

उपचार म्हणजे मीठ चढवले की झाले, असे मला वाटले होते. पण सोडियम भरभर वाढवले तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते चोवीस तासांत साधारण आठ अंकांपेक्षा जास्त वाढू देत नाहीत आणि दर काही तासांनी रक्त तपासत राहतात. दोन्ही औषधे थांबवली आणि पाणी मोजून दिले, दिवसाला आठशे मिलिलिटर. सुनेने घरून स्टीलचा पेला आणला, त्यात दोनशे मावत होते. चार पेले, पंखा गरम वारा ओढतोय आणि खिडकीबाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. मला त्या सहा दिवसांतले दुसरे फारसे काही आठवत नाही, पण तिसऱ्या पेल्यातले उरलेले दोन घोट संध्याकाळसाठी राखून ठेवल्याचे आठवते. दुसऱ्या दिवशी १२७ आणि चौथ्या दिवशी १३३ अशी वाढ झाली, दहा तारखेला घरी सोडले. घरी येताच मी वहीत हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि अक्षर ओळीवर राहिले.

घरात आता मनाच्या गोळ्यांचे नाव काढायचे नाही, असे वातावरण होते. नणंदबाईंनी तर ‘चांगली बाई वेडी करून ठेवली होती’ असे ऐकवले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी मला देवघर विचारताना पाहिले होते. पण पहाटे तीनची जाग तशीच होती आणि चव पुन्हा गेली होती. आम्ही पुन्हा मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, या वेळी सगळ्या पट्ट्या घेऊन आणि रिक्षा थेट दारात थांबवून. “पट्टी पाहिल्याशिवाय मी लिहायला नको होतं,” असे ते स्वतःहून म्हणाले. त्या एका वाक्यामुळे मी त्यांच्याकडे टिकून राहिले. रक्तदाबासाठी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘एच’ वगळून टेल्मिसार्टनबरोबर ॲम्लोडिपिन दिले. नैराश्यासाठी मिर्टाझापिन ठरले. ते वेगळ्या पद्धतीने काम करते आणि सोडियम उतरवण्याचा धोका त्यात कमी मानला जातो, कमी असला तरी शून्य नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यात, चौथ्या आठवड्यात आणि नंतर दर तीन महिन्यांनी सोडियम तपासायचे असे ठरले.

मिर्टाझापिन रात्री झोपण्यापूर्वी साडेसात मिलिग्रॅम आणि दहा दिवसांनी पंधरा मिलिग्रॅम अशी मात्रा होती. या औषधाचा स्वभाव निराळा. मळमळ नाही, उलट झोप आणि भूक. पहिला आठवडाभर सकाळी नऊपर्यंत डोळे जड असत, त्यामुळे स्कूटर चालवायची नाही, असे सांगितलेले होते. रात्री अकराला उठून मी कडक भाकरी आणि दही खाल्ल्याची नोंद चार वेळा आहे. कृश माणसाला हा दुष्परिणाम पथ्यावर पडतो, पण आधीच वजन किंवा साखर वाढलेल्या माणसाला तो परवडणार नाही. ऑगस्टमध्ये माझे वजन त्रेपन्न झाले. स्वप्ने मात्र फार स्पष्ट पडत, त्यांत पेढीवरच्या चोपड्या असत आणि शाई ओली असे. आणखी एक सूचना होती, ती मी फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. ताप, घसा दुखणे, तोंडात फोड असे काही झाले तर त्याच दिवशी रक्त तपासायचे, कारण हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी घटवते. जुलैत पावसात भिजून ताप आला तेव्हा धावत जाऊन तपासून घेतले. पेशी जागच्या जागी होत्या, ताप साधाच होता.

गुण कधी आला? चोवीस मेच्या नोंदीत लिहिले आहे की भाजीवाल्याने पंचाहत्तरऐवजी पंच्याऐंशी सांगितले आणि मी त्याला अडवले. आनंद वगैरे काही झाल्याचे लिहिलेले नाही. त्या दिवसापर्यंत औषध सुरू होऊन साधारण सहा आठवडे झाले होते. जूनअखेर तोच नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, बेरीज सहा आली आणि ती मी केली. ऑक्टोबरमध्ये तीन आली. बरे वाटू लागताच औषध थांबवायचे नसते, पूर्ण बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने, आणि उतारवयात त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे लागते, नाहीतर दुखणे उलटते. त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेले तेव्हा पर्समध्ये गोळी होतीच.

त्या पर्समध्ये तेव्हापासून एक कार्डही असते. त्यावर गोळ्यांची बाजारातली नावे नाहीत, आत असलेल्या औषधांची पुरी नावे आणि मिलिग्रॅम आहेत, शिवाय ‘हायड्रोक्लोरोथायझाइड व एस्सिटॅलोप्रॅम एकत्र घेतल्याने सोडियम १२१, एप्रिल २०२३’ ही ओळ आहे. गेल्या पावसाळ्यात गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तीन गोळ्या लिहून कागद माझ्याकडे सरकवला आणि मी माझे कार्ड त्यांच्याकडे सरकवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचले, पुन्हा आपला कागद ओढला आणि मधली ओळ खोडली. ती ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची होती. नैराश्यविरोधी औषधासोबत ते घेतले तर शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊन कापरे, ताप, घाम, धडधड आणि भ्रम असा प्रकार होऊ शकतो. त्या जागी त्यांनी साधे पॅरासिटामॉल लिहिले आणि म्हणाले, “हे कार्ड आधी दाखवायचं, काकू. मी लिहून झाल्यावर नाही.”

सध्या मात्रा उतरवणे चालू आहे. पंधरा मिलिग्रॅमच्या गोळीवर मधोमध खाच असते, तिथे अंगठ्याने दाबले की ती बरोबर दोन तुकडे होते. सहा आठवडे अर्धी, मग आणखी सहा आठवडे एक दिवसाआड अर्धी, असा आमच्या डॉक्टरांनी घालून दिलेला क्रम आहे आणि त्यातला आज अकरावा दिवस आहे. काल रात्री झोप सव्वापाचपर्यंत लागली. पुढची सोडियमची तपासणी सोमवारी आहे.